उंबऱ्यातला पंखा

दादा,

तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लोक अजून येताहेत. ओट्यावर चपला काढतात, फोटोपुढं हात जोडतात आणि माझ्याकडं वळून म्हणतात, "सुभेदार म्हंजे देवमाणूस हुता." मी मान हलवते. वहिनी चहाचं आधण ठेवते. मी मनात म्हणते, देवमाणसाबरोबर एका घरात एक हिवाळा काढून बघा, मग बोला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतेय. आणि तुझ्याशी मी गोड कधी बोलले होते? तू घोडा नि मी शेपूट, असं आई म्हणायची. शेपटानं मारलेले फटकारे घोड्यालाच बसतात. आज पुन्हा बसू देत. यावेळी तुला उठून बाहेर जाता येणार नाही.

सगळं त्या बुखारीपासून सुरू झालं. लडाखला होतास तेव्हा तू ती, खोली तापवायची शेगडी, पाहिलीस आणि फौजेतून परत आल्यावर तुझ्या डोक्यात तीच बसली. पाचगणीच्या पुढं डोंगराच्या अंगावर आपली वाडी, पौष-माघात वाऱ्यानं दारं हलतात, भिंतींना ओल धरते, अंथरूण नुसतं गार नव्हे तर ओलं लागतं. आपण सगळे असेच वाढलो. शेकोटी, घोंगडं आणि पहाटेचा चहा यांवर भागलं. तुला भागवायचं नव्हतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तू जाड पत्र्याची बुखारी करून घेतलीस. चार पायांवर उभं असलेलं लोखंडी पिंप, पुढं लाकडं टाकायची झडप, मागून वर गेलेलं धुराडं. बांधावरच्या सिल्व्हर ओकच्या छाटलेल्या फांद्या वर्षभर वाळवल्यास आणि पहिल्यांदा ती पेटवलीस त्या संध्याकाळी अर्धी वाडी आपल्या पुढच्या सोप्यात होती. लोकांनी स्वेटर काढून मांडीवर घेतले. तू उभा राहून सगळ्यांना झडप कशी फिरवायची ते दाखवत होतास. मी सांगलीहून आले होते. मलाही तुझा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आता जीभ चावावीशी वाटते.

कारण सोपा तापला होता, घर नव्हे. आणि आई सोप्यात नव्हती.

मांडीचं हाड मोडल्यापासून आई मागच्या खोलीत. मोरी तिला लागून, म्हणून ती खोली. सोपा, मग माजघर, मग तिची खोली. सोप्यात पुरुष माणसं बनियनवर बसलेली आणि मागं आई दोन शालींवर घोंगडं घेऊन. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिचं करायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तिचे पाय हातात घेतले. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखे होते.

"दादा, तुझी ऊब आईपर्यंत येत न्हाई," मी म्हणाले.

"येती की. वाईच येळ लागतो."

"हात लावून बघ तिच्या पायाला."

तू नाही लावलास. तू वाईला गेलास आणि पंखा घेऊन आलास.

मग पंख्यांचा हिवाळा सुरू झाला. बुखारीच्या मागं एक उभा पंखा, तोंड माजघराकडं. सोप्यातला छताचा पंखा मंद ठेवलेला, वर साठलेली ऊब खाली ढकलायला. माजघराच्या दारावर भिंत फोडून तू हवा खेचणारा एक पंखा बसवलास. आणि आईच्या खोलीतली ऊब बाहेर पळू नये म्हणून तिचं दार लावून घ्यायला सांगितलंस. घर पिठाच्या गिरणीसारखं घुरघुरायचं. बोललेलं ऐकू यायचं नाही. तुला ते बरंच असावं.

आई काय करायची ठाऊक आहे? तुझी चाहूल नसली की घोंगडं डोक्यावरून घ्यायची, कारण दार उघडलं की पंख्याचा गार झोत थेट तिच्या तोंडावर. मी एकदा गरम पाणी घेऊन गेले, तर नुसता एक गठ्ठा पडलेला.

"आई, गार लागतंय?"

"न्हाई गं. गरम हाय."

"मग तोंड का झाकलंयस?"

"त्यानं लय खटपट केलीया, शैले. उगा काय बोलू नगंस."

तेवढ्यात तू आलास. तिनं झटक्यात घोंगडं खाली ओढलं, केस सारखे केले आणि हसली. "झकास हाय बाळू. पार घाम येतोय." आणि तू माझ्याकडं बघितलंस. तीस वर्षं जवानांच्या तोंडाकडं बघून कोण खोटं बोलतंय ते ओळखणारा तू. आईचं खोटं तुला ओळखू आलं नाही. की ओळखायचं नव्हतं?

मी जन्मभर सातवी-आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं. मोठं काही नाही, पण गरम हवा हलकी नि गार हवा जड एवढं मला पाठ आहे. मी तुला समजावून सांगायला बसले. तेही तुझे मित्र गेल्यावर, चार माणसांत नव्हे. म्हणाले, "दादा, तिची खोली गार हवेनं भरलेली हाय. त्यात दार लावलेलं. भरल्या हंड्यात पाणी ओतलंस तर आत जाईल का बाहेर सांडंल? आधी आतलं बाहेर काढ. दार उघडं टाक. पंखा तिच्या खोलीत, खाली जमिनीवर ठेव, नि तोंड बुखारीकडं कर. गार हवा खालनं इकडं येईल, गरम आपसूक वरनं तिकडं जाईल."

तू हसलास. साधं नव्हे, मांडीवर हात मारून हसलास. "गार खोलीत पंखा लावायचा? आन् त्यो बुखारीवर फुकायचा? गड्या, ही बाई इस्तू इझवायला निघालीया." दुसऱ्या दिवशी तुझे मित्र जमले तेव्हा तू त्यांना हा किस्सा सांगितलास. मी चहा घेऊन आले तेव्हा ते अजून हसत होते. एकानं मला विचारलं, "काय बाई, पुस्तकात हाय व्हय असं?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. म्हणाले, "ते राहू दे. आईची कॉट सोप्यात आणा. पंखे नकोत नि काही नको."

तुझं हसू गेलं. "मोरी मागं हाय. चार माणसांत आईला उघडी पाडू?"

"मग चार माणसांना मागं बसव."

तेव्हा तू ते बोललास. आवाज चढवून नव्हे. फौजेत माणसाला रांगेत उभं करताना बोलत असशील तसा, सपाट. "शैले, ह्या घरात तुला कोण इचारतंय? पाव्हणी हायस. पाव्हणीसारखी ऱ्हा."

मित्रांनी माना खाली घातल्या. वहिनी दारात होती, ती आत सरकली. मी काही बोलण्याआधी मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. ती कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी एवढे पंखे घुरघुरत असून तो सगळ्यांना ऐकू आला.

"शैले, माझी पिशवी भर."

दादा, मी तिला नेली नाही. ती आली. हे तू लोकांना नीट सांगितलं नसशील, म्हणून आता लिहून ठेवते.

तिला गाडीत तूच बसवलंस. दोन्ही हातांवर उचलून, लहान मुलीसारखी. पायाखाली उशी दिलीस, शाल खोचलीस, खिडकीची काच वर करून पुन्हा एकदा तपासलीस. माझ्याकडं पाहिलं नाहीस. तिनं तुझा हात धरून ठेवला होता, तू तो सोडवून घेतलास आणि ड्रायव्हरला म्हणालास, "घाटात सावकाश." एवढंच. पसरणीचा घाट उतरेपर्यंत आई मागं वळून बघत होती. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "त्यानं जेवाण केलं आसंल का?"

हे सगळं मला विसरता येत नाही आणि तुझं दुसरं रूपही विसरता येत नाही, हीच माझी अडचण. दहावीनंतर आप्पा माझी शाळा बंद करायला निघाले होते. तू सुट्टीवर आला होतास. वर्दी न उतरवता तू मला एसटीत बसवलंस, साताऱ्याला कॉलेजात नेलंस आणि परत आल्यावर आप्पांना म्हणालास, "नाव घातलंय. आता काडायचं आसंल तर तुमी जावा." कुणी गेलं नाही. हे गेले तेव्हा तू सांगलीला आलास, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस आणि घरातला प्रत्येक गळका नळ, प्रत्येक करकरणारं दार दुरुस्त करत राहिलास. तुला रडायला येत नव्हतं, पाना चालवता येत होता. मला ते कळलं होतं. म्हणून तर राग जास्त आहे. ज्या माणसाला जमतच नाही त्याच्यावर कोण रागावतं? तुला जमत होतं. तू मला शिकायला पाठवलंस आणि शिकून आल्यावर जे सांगितलं त्याच्यावर मांडी ठोकून हसलास.

सांगलीत थंडी नव्हती. विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांत पश्चिमेचं ऊन संध्याकाळपर्यंत असतं. आईचे पाय गरम झाले आणि बाकी सगळी ती निवत गेली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे जिने बघत बसायची. खाली गाडी वाजली की मान वर. "बाळूचा फोन आला?" हे तिचं सकाळचं पहिलं वाक्य.

मी फोन केले, दादा. मी पाव्हणी, माझा अपमान झालेला, तरी मीच केले. तुझ्या नंबरवर केले तर उचलायचा नाहीस. घरच्या नंबरवर केले तर वहिनी घ्यायची आणि म्हणायची, "रानात गेल्याती." स्ट्रॉबेरीला ऐन हंगामात रानात काम असतं, मान्य. पण सकाळी, दुपारी, दिवस मावळताना, दर वेळी रानात? एकदा मागं तुझा खोकला ऐकू आला. मी वहिनीला काही म्हणाले नाही. तिचा काय दोष?

मग तो फोन. आईनं माझ्या हातातून घेतला, कानाला न लावता तोंडापुढं धरला आणि मोठ्यानं, गावाला ओरडून सांगावं तसं म्हणाली, "बाळूला म्हणावं, मी मजेत हाय. हितं लय ऊब हाय. माझी काळजी करू नगं म्हणावं." मला वाटलं, ती तुला टोमणा मारतेय. मला बरंच वाटलं. फोन ठेवल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला, तेव्हा कळलं की तो टोमणा नव्हता. मुलाला बरं वाटावं म्हणून ती पुन्हा तेच करत होती, जे ती घोंगड्याखाली करायची.

त्यानंतर महिनाभरात तू गेलास. रानातून येऊन ओट्यावर बसलास, वहिनीकडं पाणी मागितलंस आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. आईला घेऊन मी त्याच घाटानं वर आले. तिला तुझ्याजवळ बसवलं. तुझ्या कपाळावर हात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाली, "किती गार पडलाय." त्यावर मी काय लिहू?

पण मला तुला दुसरंच विचारायचं आहे.

तुला नेल्यानंतर घर माणसांनी भरलेलं होतं. आईला निजवायला मी तिच्या खोलीकडं गेले, तर दार नव्हतं. लावलेलं नव्हे, उघडं नव्हे. चौकटीतून काढून भिंतीला टेकवलेलं. आणि उंबऱ्यात, जमिनीवर, एक छोटा टेबल फॅन. पाठ आईच्या कॉटकडं, तोंड बुखारीकडं. माजघराच्या दारावरचा तुझा तो खेचणारा पंखा काढलेला, त्या जागी नुसतं मोकळं भोक. सोप्यातला उभा पंखा कुठं दिसेना. आईच्या चौकटीच्या वरच्या लाकडाला उदबत्तीच्या धुराचे डाग पडले होते आणि खाली कोपऱ्यात उदबत्तीच्या काड्यांचा ढीग.

मी वहिनीला हाक मारली. म्हटलं, "हे कवा केलं?"

ती पाटावर बसल्यासारखी उंबऱ्यातच बसली. रडून तिचा आवाज गेला होता. "तुमी गेल्यावर लगीच, ताई. तुमी सांगितलं तसं करून बघितलं त्यांनी. कुणी न्हाई असं बघून. दारात उदबत्ती धरून बसायचे. खालचा धूर तिकडं बुखारीकडं जायचा, वरचा धूर आत खोलीत. परत परत बघायचे. लहान पोरागत हसले. मला म्हनले, कुसुम, तिचं खरं हाय गं."

"मग?"

"मग रोज सांजंचं कॉटवर जाऊन बसायचे. अनवाणी. पाय खाली सोडून. म्हनायचे, आता आईला गार लागायचं न्हाई."

"मग मला फोन का न्हाई केला?"

वहिनीनं पदर तोंडाशी धरला. "मी रोज म्हनायची, करा. म्हनायचे, करतो. ती म्हनंल, बघ, मी सांगितलं हुतं. मला म्हनायचे, जरा दम धर. मग एकदा नंबर लावायला घेतला, तेवढ्यात तुमचाच आला. मी उचलला. आईंनी सांगितलं, हितं लय ऊब हाय, काळजी करू नगं. त्यांनी जवळनंच ऐकलं. उठले आन् पंखा बंद केला. म्हनले, सुखात हाय तिकडं. कशाला हलवायची? फुडल्या वर्षी बघू."

फुडल्या वर्षी. ऐंशीच्या पुढच्या आईबद्दल तू म्हणालास, फुडल्या वर्षी. आणि गेलास तू.

दादा, ती खोली गरम होती आणि रिकामी होती. आई सांगलीत खिडकीशी बसून गाड्यांचे आवाज मोजत होती आणि इकडं तू तिच्या कॉटवर पाय सोडून बसला होतास. मध्ये काय होतं? मी म्हणाले असते, 'बघ, मी सांगितलं होतं.' एवढंच होतं. हो, म्हणाले असते. नक्की म्हणाले असते. दिवाळीला म्हणाले असते, भाऊबिजेला ओवाळताना म्हणाले असते, तुझ्या मित्रांपुढं चहाचा ट्रे धरून म्हणाले असते. मरेपर्यंत ऐकवलं असतं. तुला ऐकून घ्यायला काय झालं होतं? बर्फात खंदकात बसायचं धाडस होतं, बहिणीचं एक वाक्य ऐकायचं नव्हतं?

लोक मला सांगतात, मन मोकळं कर, माफ कर, त्यालाही शांती मिळेल. मी करत नाही. माफी मागितल्यावर करायची असते. तू मागणार नव्हतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढच्या हिवाळ्यात तू मला बोलावलं असतंस आणि पंखा जणू तुझ्याच डोक्यातून निघाल्यासारखा दाखवला असतास. मी भांडले असते. ते भांडण मला हवं होतं. तेही तू नेलंस.

तेरावं झालं तरी आईनं सांगलीचं नाव काढलेलं नाही. वहिनी म्हणाली, राहा, आणि मी राहिलेय. संध्याकाळी मी बुखारी पेटवते. झडप कशी फिरवायची ते तू त्या पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवलं होतंस, ते मी बघून ठेवलं होतं. मग उंबऱ्यातला पंखा लावते आणि थोड्या वेळानं खोलीत भिंतीची ओल सुकल्याचा वास येतो.

काल आईनं विचारलं. सकाळी मी तिला तोंड धुवायला बसवत होते. तिनं पंख्याकडं बघितलं, दाराच्या मोकळ्या चौकटीकडं बघितलं.

"हे बाळूनं केलं?"

"व्हय."

"कवा?"

तिनं टॉवेल बाजूला करून माझ्या तोंडाकडं बघितलं. मला खरं सांगता आलं असतं, दादा. सगळे शब्द तयार होते. तू गेल्यापासून ते मी मनात लावत होते, आणि ते ऐकायचा हक्क असलेली तीच एक. खोली पौषातच तयार होती, तो रोज हितं बसत होता आणि तुला बोलावलं नाही. तीन वाक्यं.

वहिनी चुलीपाशी थबकली होती.

"जायच्या आदल्या दिशी," मी म्हणाले. "जमल्याबरोबर मला फोन लावत होता. लागला न्हाई. वहिनीनं सांगितलं मला."

आईनं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं मान हलवली.

"वाटलंच मला," आई म्हणाली. "रेंजच नसती हितं." आणि मग तिनं किती दिवसांनी स्वतःहून चहा मागितला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्याली. तू फोन लावत होतास यावर तिचा विश्वास बसला.

माझा नाही.